तेरा लाख सहासष्ट हजार पाचशे साठ

३ ऑक्टोबर २०१७, मंगळवार

आमच्या शाळेच्या नव्या प्रवेशभिंतीवर चुकीची संख्या कोरली जाणार आहे, आणि ती चुकीची आहे असं वर्गात सांगितलं म्हणून माझ्या भाचीची नोकरी जायची वेळ आली आहे. म्हणून ही वही काढली. निवृत्त झाल्यापासून मी एक ओळ लिहिलेली नाही; लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. आता घडलं आहे. कोण काय बोललं ते त्या त्या दिवशी लिहून ठेवलं नाही, तर ही माणसं उद्या शब्द फिरवतील. मी त्यांना ओळखते. निम्म्यांना मीच गणित शिकवलं आहे.

आधी संख्या. पुढे कोणी वाचलं तर अडायला नको, म्हणून स्पष्ट लिहिते.

आमच्या पूर्वजांची एक जुनी पोथी समुद्रापलीकडे जर्मनीत पडली आहे. पोथी आमची आणि आम्ही छायाप्रती बघायच्या, तो राग वेगळा. तिच्या एका पानावर ठिपके आणि रेघांत (ठिपका म्हणजे एक, रेघ म्हणजे पाच) एक मोठी संख्या आहे. वरून खाली पाच घरं: नऊ, नऊ, सोळा, शून्य, शून्य. आपल्या नेहमीच्या आकड्यांत ती होते १३,६६,५६०. हे दिवस आहेत. एवढे दिवस गेले की आमचं दोनशे साठ दिवसांचं चक्र, तीनशे पासष्टचं वर्ष, शुक्राचे पाचशे चौऱ्याऐंशी दिवस आणि मंगळाचे सातशे ऐंशी दिवस, सगळे एकदमच आपापल्या आरंभाला येऊन पोचतात. चौघांनीही नि:शेष भाग जातो. असं आपोआप होत नाही. कोणीतरी बसून, डोकं झिजवून ही संख्या घडवली आहे.

दगडावर ठिपके-रेघा बरोबर आहेत. त्यांच्या खाली नेहमीच्या आकड्यांत लिहिलं आहे १५,१८,४००.

चूक साधी आहे. आमच्या लोकांखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातून ती होणारही नाही. कणसं, अंडी, लाकडं मोजताना आम्ही विसांनी जातो: एक, वीस, चारशे. दिवस मोजताना मात्र खालून तिसऱ्या घरात वीस विसा न घेता अठराच विसा घ्यायच्या, म्हणजे तीनशे साठ, वर्षाच्या जवळ जातील अशा. त्याच्या वर पुन्हा वीस-वीस. नगरपालिकेच्या इंजिनियरने दिवस कणसांसारखे मोजले. बाऊदिलियो चाक्लान त्याचं नाव.

सप्टेंबरात त्याने आराखडा माझ्याकडे तपासायला पाठवला होता. मी तांबड्या पेनाने फुली मारून परत पाठवला. काय चुकलं ते लिहिलं नाही. मी कधीच लिहीत नाही. ज्याची चूक त्याने शोधायची. बत्तीस वर्षं मी असंच शिकवलं. त्याने काही शोधलं नाही. दगड कोरायला घेतला.

मग निकोलासाने, माझ्या भाचीने, सहावीच्या वर्गात विषय काढला. सातशे ऐंशीला तीनने भाग जातो, तेव्हा मोठ्या संख्येलाही जायला हवा. करा अंकांची बेरीज. सगळा वर्ग ओरडला, एकोणीस! जात नाही! संध्याकाळपर्यंत बातमी नगरपालिकेत.

आज तिला बोलावून सांगितलं: सहा डिसेंबरला, 'आठ बात्स'च्या, म्हणजे दोनशे साठ दिवसांचं चक्र नव्याने सुरू होतं त्या सणाला, दगड बसणार. त्याआधी दिवस राखणाऱ्या वडीलधाऱ्यांसमोर चूक सिद्ध करा. नाहीतर मुलांसमोर माफी मागा, आणि जानेवारीपासून करार नाही.

"तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, आत्याला विचारते."

"हे सांगायची काय गरज होती? स्वतःला तोंड नाही?"

"आहे ना. त्यानेच तर घोळ झाला," ती म्हणाली, आणि हसली. हसण्यासारखं यात काय आहे?

५ ऑक्टोबर

नगरपालिकेत गेले. नगराध्यक्ष फेर्मीन इश्कोय खुर्चीत, शेजारी बाऊदिलियो. दोघंही ताडकन उठले. मान म्हणून नव्हे, सवयीने. दोघंही माझ्या वर्गातले.

"या, बाई. कॉफी?"

"कॉफी नको. दगड थांबवा."

फेर्मीन हसला. त्याचं हसू निवडणुकीच्या भित्तिपत्रकावर असतं तसंच घरीही असतं. "बाई, दगड जड असतो. सुटला की थांबत नाही. तुम्ही इंजिनियरशी बोला."

बाऊदिलियोने कॅल्क्युलेटर माझ्यापुढे सरकवला. माझ्याकडे बघितलं नाही. "तुम्हीच घाला, बाई. भागिले दोनशे साठ."

पाच हजार आठशे चाळीस. बाकी शून्य.

"तीनशे पासष्ट."

चार हजार एकशे साठ. बाकी शून्य.

"शुक्र."

दोन हजार सहाशे. बाकी शून्य.

"चुकीची संख्या इतकी नीट भागली जाते का?"

इथेच तर सगळी गोम आहे! जाते. वरच्या तीन घरांची, नऊ-नऊ-सोळाची, किंमत होते तीन हजार सातशे शहाण्णव. तिच्यात तेरा आणि त्र्याहत्तर आधीच बसलेले आहेत. पुढे तीनशे साठने गुणा की चारशेने, ते कुठे जात नाहीत. दोनशे साठला तेरा लागतो, वर्षाला आणि शुक्राला त्र्याहत्तर, दोन्ही मिळतात. गळतो तो फक्त तीन, आणि तीनबरोबर मंगळ गळतो. हे मी तिथे बोलले. जरा मोठ्या आवाजात बोलले.

"मंगळ!" फेर्मीन म्हणाला. "बाई, मंगळाचा आमच्या बाजाराशी काय संबंध? आणि वर्ष नि दोनशे साठचं चक्र पुन्हा जुळतं ते बावन्न वर्षांचे फेरे बघा. इंजिनियरच्या संख्येत बरोब्बर ऐंशी. हुमूच! माझी आई कणसं ऐंशीच्या ढिगानेच मोजायची, ऐंशीसाठी आपल्याकडे वेगळा शब्द आहे तो काय उगीच? तुमच्या संख्येत किती?"

"बहात्तर."

"बहात्तर! म्हणजे ढिगातली आठ कणसं कोणी खाल्ली?"

बाहेरचे कारकूनसुद्धा हसले. बाऊदिलियो नाही हसला. तो टेबलाकडे बघत होता.

परत येताना आठवलं. तेरा वर्षांचा असेल. अशीच घरांची चूक फळ्यावर केली होती, आणि मी त्याला दोन तास भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. चूक सापडली की बस, म्हटलं. घंटा झाली तरी उभाच. तेव्हाही हट्टी, आताही हट्टी. काही पोरांत शिकवलेलं शिरतच नाही.

१२ ऑक्टोबर

बाजारात गेले. अवाकाडोवाली मार्ताने पिशवी भरली आणि वर विचारते, "बहात्तर देऊ की ऐंशी, बाई?"

मला सहा हवे होते. न घेता परत आले.

१७ ऑक्टोबर

तिबुर्सियोबाबांकडे गेले. ते दिवस राखणाऱ्यांत सगळ्यात मोठे. लग्न, पेरणी, नवं घर, आजारपण, गाव आधी त्यांना दिवस विचारतं, आणि ते बिया मांडून सांगतात. त्यांच्यापुढे भागाकार मांडले. सातशे ऐंशीने भागलं की पाचशे वीस उरतात, हे दाखवलं. बाबा ऐकत होते की डुलक्या घेत होते, कळेना.

शेवटी म्हणाले, "ओतिलिया, शुक्राला आम्ही ओळखतो. पहाटे दिसतो. मंगळाला मी आजवर मेणबत्ती लावलेली नाही."

"मेणबत्तीचा प्रश्न नाही, बाबा. भागाकाराचा आहे."

"तुझ्या वहीत आहे. माझ्या बियांत नाही."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"खरं बोलत असशील. पण तू नुसतं सांगतेस. लहानपणापासून तुझं असंच. सांगतेस आणि निघून जातेस. मला दाखव. माझ्या हाताला कळेल असं दाखव."

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला काय बोलणार? फाटक आपटलं. ते मात्र मुद्दाम.

२२ ऑक्टोबर

दुसऱ्या बाजूने विचार केला. मोठ्या संख्येने कुठला दिवस येतो ते काढून दाखवावं म्हटलं. आमच्या प्रत्येक दिवसाला एक ते तेरातला एक आकडा आणि वीस नावांतलं एक नाव असतं; मोजणीच्या आरंभाचा दिवस '४ आहपू'. तिथून १३,६६,५६० दिवस पुढे गेलं की पुन्हा '४ आहपू' येतो. पोथीही तेच म्हणते. झालं, सिद्ध झालं, असं वाटलं. मग १५,१८,४०० घेऊन बघितलं.

'४ आहपू'.

येणारच. दोन्ही संख्यांत दोनशे साठ पुरेपूर बसतात. ज्यांनी ही संख्या घडवली त्यांचाच राग आला. इतकी गुळगुळीत करून ठेवली आहे की बरोबर वाचा नाहीतर चुकीचं वाचा, त्याच दारात आणून सोडते.

१ नोव्हेंबर

सकाळी दफनभूमीत जाऊन आईबापांच्या कबरी झेंडूने सजवल्या. गावभर मृतांसाठी उडवलेले पतंग. घरी येऊन भोपळा गुळात शिजायला टाकला.

निकोलासा ढवळत होती. तिला मी तीन महिन्यांची असल्यापासून वाढवलं. भाऊ मेक्सिकोत मजुरीला गेला, तिची आईही मागोमाग, दोघं परतली नाहीत. ढवळता ढवळता म्हणाली, "राजधानीत औषधाच्या दुकानात जागा आहे. मैत्रिणीने विचारलंय."

"मग जा."

"जाऊ?"

"जा म्हटलं ना. पोरांना शिकवण्यापेक्षा खोकल्याच्या बाटल्या विकणं सोपं."

तिने चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "आत्या, त्या पानावर मोठ्या संख्येजवळ एक छोटी संख्या पण आहे ना? सहा, दोन, शून्य?"

"आहे. तिचं काय?"

"तिला वाजवून बघितलंस? ती एवढी गुळगुळीत नसेल."

"निकोलासा, प्रश्न मोठ्या संख्येचा आहे. दगडावर छोटी संख्या कोरलेली नाही. विषय सोडून बोलायची ही सवय तुला कुठून लागली? कुठल्या विद्यार्थ्याने असं केलं तर काय करशील?"

"ऐकून घेईन," ती म्हणाली.

भोपळा करपला. तिच्यामुळे.

९ नोव्हेंबर

मला सुचलं!

मोठी संख्या पुरावा देणारच नाही, ती फार गुळगुळीत आहे. पण त्याच पानावर तिच्याजवळ एक छोटी संख्या आहे: सहा, दोन, शून्य. आणि तिच्यासोबत दोन दिवस लिहिले आहेत. '१ आहपू' पासून एवढे दिवस पुढे जा, की '४ आहपू' येतो. पोथीच तसं सांगते. मग छोटी संख्या दोन्ही रीतींनी वाचायची आणि बघायचं, पोथीने लिहिलेला दिवस कुठल्या रीतीने येतो.

सव्वा महिना वाया गेला. इतकं सरळ असून आधी कोणाला सुचलं कसं नाही?

निकोलासाला सांगितलं. ती नुसतीच बघत राहिली. मग म्हणाली, "वा, आत्या. छान सुचलं तुला." तोंड मात्र दुसरीकडे वळवलं.

औषधाच्या दुकानाला अजून काही कळवू नकोस, असं तिला सांगितलं. तिने आधीच नाही म्हणून कळवलं होतं. मला न विचारता!

१९ नोव्हेंबर, रविवार

तिबुर्सियोबाबांच्या ओसरीवर बैठक. बाबा, त्यांच्यासारखेच दिवस राखणारे आणखी दोघं, फेर्मीन, बाऊदिलियो, निकोलासा आणि मी. कोपाळाचा धूप इतका की डोळे चुरचुरत होते. मी पानाची छायाप्रत चटईवर ठेवली. कोणाला काही शिकवायला जायचं नाही, फक्त दाखवायचं, असं मनाशी ठरवलं होतं. अवघड गेलं.

"बाबा, वीस दिवस गेले की काय होतं?"

"दिवसाचं नाव परत येतं. आकडा सातने पुढे जातो. तेराच्या वर गेला की तेरा वजा." अशा तऱ्हेने ते म्हणाले, जणू मी त्यांना त्यांचं नाव विचारलं.

"म्हणजे '१ आहपू' नंतर वीस दिवसांनी?"

"'८ आहपू'. मग दोन. मग नऊ. मग तीन. पोरांचा खेळ आहे, ओतिलिया."

"आणि तेरा विसा झाल्या की?"

"दोनशे साठ. जिथून निघालो तिथे."

"मग एक वीस म्हणजे एक बी. सहा, दोन, शून्य यात किती विसा, तेवढ्या बिया मांडायच्या. इंजिनियरच्या रीतीने तिसऱ्या घरात वीस विसा. सहा विसे एकशे वीस, वर दोन. एकशे बावीस बिया. माझ्या रीतीने अठरा. सहा अठरे एकशे आठ, वर दोन. एकशे दहा."

बाबांनी त्सितेच्या लाल बियांची थैली सोडली. मी हात पुढे केला. त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"तू नाही. बाऊदिलियो, तू मोज."

मला संताप आला. दीड महिना मी राबायचं आणि मोजायचं त्याने! पण ओसरी त्यांची.

बाऊदिलियो गुडघ्यांवर बसला. एकशे बावीस बिया मोजून घेतल्या. तेरा-तेराच्या ओळी लावल्या. नऊ ओळी भरल्या. पाच बिया उरल्या. त्या पाच त्याने एकेक करून पुढे सरकवल्या, आणि तिघं म्हातारे एका सुरात बोलत गेले: आठ. दोन. नऊ. तीन. दहा.

"'१० आहपू'," बाबा म्हणाले. "पोथीत काय आहे?"

मी पानावर बोट ठेवलं. पोथीत एक ठिपका, दोन, तीन, चार. आंधळ्यालाही बोटाने कळावेत असे.

"परत मोजतो," बाऊदिलियो म्हणाला. परत दहा.

मग त्याने बारा बिया काढून थैलीत टाकल्या. एकशे दहा. आठ ओळी भरल्या, सहा उरल्या. आठ. दोन. नऊ. तीन. दहा.

शेवटच्या बीवर त्याचं बोट थांबलं. म्हातारेही थांबले. ती त्याने स्वतः सरकवली आणि स्वतःच बोलला.

"चार."

फेर्मीन म्हणाला, "म्हणजे आता काय, दगड—"

"दगड बदल," बाबा म्हणाले.

बाऊदिलियो उठला, गुडघे झटकले आणि कोणाशी न बोलता निघून गेला. निकोलासा त्याच्या मागे फाटकापर्यंत गेली. कशाला, देव जाणे.

आपण जिंकलो की आनंद होतो म्हणतात. मला नुसता राग येत राहिला. थैलीभर बियांनी जे होतं, त्यासाठी गावभर माझं हसं झालं.

२४ नोव्हेंबर

फेर्मीन घरी आला. सोबत तमालांची, म्हणजे पानात उकडलेल्या मक्याच्या वड्यांची, टोपली. टोपली घेऊन येणारा नगराध्यक्ष काहीतरी मागायला येतो.

"बाई, दगड पलटून नव्याने कोरायला घेतला. तेरा लाख सहासष्ट हजार पाचशे साठ. शब्द पाळला."

"आणि करार?"

"टाइप करून तयार आहे. सही राहिली." तो खुर्चीत सैलावला. "फक्त एक आहे. समारंभात सांगायचं की चूक इंजिनियरच्याच लक्षात आली. त्यानेच फेरतपासणी केली. तुमचे मोजणीचे कागद त्याच्या नावाने दप्तरी लागतील."

"काय?"

"नगरपालिकेचा माणूस चुकला, असं लोकांनी का म्हणावं? पुढच्या वर्षी रस्त्याचं काम त्याच्याच हातात आहे. आकडा चुकवणाऱ्याच्या हातात रस्ता कोण देईल? तुम्हाला काय, बाई, संख्या बरोबर लागली म्हणजे झालं."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"मी काही म्हणत नाही," फेर्मीन म्हणाला. "सही राहिली आहे, एवढंच."

तमालांची टोपली मी त्याच्याच हातात परत दिली आणि दार लावलं. दार लावल्यावर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२७ नोव्हेंबर

निकोलासाशी भांडण.

"आत्या, देऊन टाक. संख्या बरोबर लागतेय ना?"

"नाही! शोध माझा आहे! आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या डोक्यातून निघालं आणि ते मी त्या ठोंब्याच्या नावावर करू?"

मग जी हसायला लागली ती थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसतच होती. "तुझ्या डोक्यातून, हो ना आत्या? अगदी तुझ्याच!"

हिला झालंय काय? नोकरीच्या काळजीने माणूस असाही होतो, ऐकलं होतं.

३० नोव्हेंबर

नगरपालिकेत निरोप पाठवला. कागद येऊन घेऊन जा म्हणावं.

तिला वाढवलं ते खोकल्याच्या बाटल्या विकायला नाही.

५ डिसेंबर

बाऊदिलियो आला. दारातच उभा राहिला, टोपी हातात.

"बाई, मी हे मागितलं नव्हतं. नगराध्यक्षांनी परस्पर ठरवलं."

"मागितलंस का, असं मी विचारलं?"

"नाही."

"मग कागद घे आणि नीघ."

तो आत आला, पण कागद उचलेना. खिशातून एक घडी काढून टेबलावर उलगडली. सप्टेंबरातला आराखडा. वर माझी तांबडी फुली.

"यावर नुसती फुली आहे, बाई."

"चूकच होती."

"हो. पण काय चूक, ते नव्हतं. मी आठवडाभर बसलो. सगळे भागाकार करून बघितले. सगळे नीट येत होते. मग म्हटलं, मी केलेलं बाईंना कधी बरोबर दिसणारच नाही." टोपी हातात फिरत होती. "शाळेतही हेच झालं होतं. फळ्यावर मी वीस विसा चारशे लिहिलं. माझी आजी तसंच मोजायची. तुम्ही चूक म्हणालात आणि भिंतीकडे उभं केलंत."

"विचारायचं होतंस."

"भिंतीकडे तोंड करून कसं विचारणार, बाई?"

उलट उत्तर! माझ्या घरात! चालता हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात चुलीवर मक्याची कांजी उतू गेली. ती उतरवायला आत धावले. हातही भाजला. परत आले तर तो तिथेच. खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या, आणि हा पंचेचाळीस वर्षांचा, कानशिलं पिकलेला माणूस भिंतीला लागून उभा.

"उभा काय राहिलास?" मी म्हटलं. "बस."

तो बसला. फार सावकाश बसला.

मग मी त्याला सांगितलं. कणसांना वर्ष नसतं, दिवसांना असतं; वीस विसा घेतल्या तर वर्ष पस्तीस दिवसांनी हुकतं, अठरा घेतल्या तर पाचच उरतात; म्हणून फक्त त्या एका घरात अठरा. त्याची आजी चुकली नव्हती. ती कणसं मोजत होती. त्याने तीन बावळट प्रश्न विचारले आणि एक चांगला. मोठ्या संख्येतून तीन का गळतो, हे त्याने चौथ्या वाक्यातच पकडलं. ही अक्कल शाळेत कुठे ठेवली होती?

कांजी प्यायला. निकोलासा दाराशी उभी होती, दोघं एकमेकांकडे बघून हसली. कशाला, मला कोणी सांगितलं नाही.

६ डिसेंबर, बुधवार. 'आठ बात्स'

दगड बसला. फेर्मीन वीस मिनिटं बोलला. "आमच्या इंजिनियरच्या दक्षतेमुळे" हे चार वेळा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. निकोलासाने वाजवल्या, तिला लाज नाही.

बाऊदिलियोला बोलायला उभं केलं. तो म्हणाला, "संख्या बरोबर आहे. माझ्या शब्दावर जाऊ नका, तपासून बघा," आणि खाली उतरला. सहावीची पोरं दगडाला जाऊन चिकटली आणि ओरडून अंकांची बेरीज करू लागली. सत्तावीस! जातो! जातो! त्या गोंगाटात फेर्मीनचं आभाराचं भाषण बुडालं. दिवसभरात एवढंच बरं झालं.

तिबुर्सियोबाबा मेणबत्त्या लावत होते. सगळ्या लावून झाल्यावर आणखी एक काढली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ही मंगळाची."

"चेष्टा पुरे, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी ती लावली.

आज दिल्या-घेतल्याची नोंद.

निकोलासा याश हिला, नगरपालिकेकडून: २०१८ सालचं करारपत्र एक, सही आणि शिक्क्यासह. मी स्वतः वाचून पाहिलं.

निकोलासा याश हिला, माझ्याकडून: तांबडी पेनं, होती तेवढी सगळी.

इंजिनियर बाऊदिलियो चाक्लान यांना: पोथीच्या पानाची छायाप्रत एक. मोजणीचे कागद दोन, माझं नाव खोडून.

त्यांनाच, परत: सप्टेंबरातला आराखडा एक. फुली आहे तशीच ठेवली आहे. फुलीखाली कारण लिहिलं आहे.